सांधा बोटाने हलतो, मग मोटरने का अडतो?

मॉडेल रेल्वेत गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा बोटाने ढकलला की ‘टक्’ असा आवाज करून जागेवर बसतो. गाडी वळते, परत सरळ जाते, कुठे अडत नाही. मग हौसेने त्याच्याखाली मोटर बसवली जाते, वायरी जोडल्या जातात, बटण दाबलं जातं आणि सांधा अर्ध्यातच थांबतो. किंवा एका बाजूला नीट जातो आणि दुसऱ्या बाजूला नुसता गुरगुरतो. पुढचं इंजिन त्या फटीत चाक घालतं आणि मागच्या डब्यांसकट आडवं होतं. मॉडेल रेल्वे उभी करणाऱ्यांना हा अनुभव बहुतेक येतोच, आणि पहिला संशय मोटरवर जातो.

मी ‘खराब’ म्हणून काढलेल्या मोटरी नंतर टेबलावर सुट्या जोडून पाहिल्या, तेव्हा त्यातल्या बहुतेक व्यवस्थित चालल्या. बिघाड मोटर आणि सांधा यांच्या मधल्या वाटेत होता. पिन वाकत होती, भोक दोन मिलीमीटर बाजूला पडलं होतं, किंवा बारीक वायर फार लांबवर ओढलेली होती. म्हणून या लेखात मोटर कमी आणि ती मधली वाट जास्त आहे.

## सांध्यात नेमकं हलतं काय?

रूळ जिथे दोन वाटांना फुटतो तो सांधा. त्यात निमुळत्या टोकाच्या दोन पट्ट्या असतात, त्यांना जिभा म्हणू. दोन्ही जिभा एका आडव्या पट्टीने जोडलेल्या असतात. ही पट्टी म्हणजे टाय-बार. टाय-बारला एक बारीक छिद्र असतं, त्यात मोटरची पिन खालून शिरते. पिन सरकली की टाय-बार सरकतो आणि एक जीभ बाहेरच्या रुळाला टेकते, दुसरी सुटते.

ही हालचाल किती छोटी आहे ते पाहा. खऱ्या रेल्वेत सुटलेली जीभ बाहेरच्या रुळापासून साधारण ११ सेंटिमीटर दूर जाते. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात ते अंतर जेमतेम सव्वा मिलीमीटर होईल. मॉडेलच्या चाकांच्या कडा प्रमाणापेक्षा जाड असतात, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त, दोन-तीन मिलीमीटर अंतर ठेवावं लागतं. एवढ्या अंतरात अर्धा मिलीमीटर चुकला तरी तो फार मोठा वाटा आहे.

जीभ सरकवणं हे निम्मंच काम. ती रुळाला टेकवून ठेवणं हे त्याहून महत्त्वाचं. केसाएवढी फट राहिली तरी चाकाची कडा ती शोधून काढते. काही सांध्यांमध्ये, उदाहरणार्थ पेको कंपनीच्या नेहमीच्या सांध्यांमध्ये, यासाठी आतच एक छोटी स्प्रिंग असते. भिंतीवरच्या दिव्याच्या बटणासारखं तिचं वागणं असतं. मध्यापर्यंत ती विरोध करते आणि मध्य ओलांडला की उरलेलं अंतर स्वतःच झटक्यात पार करते. बोटाखाली ऐकू येणारा ‘टक्’ तिचाच.

## मोटरींचे तीन स्वभाव

पहिली सोलेनॉइड मोटर. समोरासमोर दोन कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, आणि मध्ये लोखंडी तुकडा. एका कॉइलला वीज दिली की तो तुकडा तिकडे खेचला जातो, दुसरीला दिली की परत येतो. तिचा स्वभाव टिचकीचा आहे. एका सेकंदाचा लहानसा भाग जोर लावते आणि मग सोडून देते. त्यानंतर जीभ टेकवून ठेवणं हे सांध्यातल्या स्प्रिंगचं काम. ज्या सांध्यात स्प्रिंगच नाही त्याला साधी सोलेनॉइड लावली, तर गाडीच्या हादऱ्यांनी जीभ सुटू शकते. तिथे स्वतःची पकड असलेली सोलेनॉइड हवी.

दुसरी सावकाश चालणारी, अडून राहणारी मोटर. टॉर्टॉइस हे यातलं सर्वांत माहितीतलं नाव. आत लहानशी डीसी मोटर आणि गिअर असतात. जीभ सावकाश सरकते, रुळाला टेकते आणि मोटर तशीच दाब देत उभी राहते. दार लोटून, हात दारावरच ठेवून कोणी उभं राहावं तसं. अडून राहिली तरी ती जळत नाही, कारण १२ व्होल्टला टॉर्टॉइस त्या अवस्थेत साधारण १५ मिलिअँपिअर एवढाच करंट घेते. अशा २० मोटरी सतत चालू ठेवल्या तरी एकूण हिशोब ०.३ अँपिअरचा.

तिसरी सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या विमानात आणि बोटीत असते तीच. ती साधारण ५ व्होल्टवर चालते. सेकंदाला ५० वेळा येणाऱ्या सिग्नलच्या एका ठोक्याची लांबी १ ते २ मिलिसेकंद असते आणि त्या लांबीवरून हात किती अंशात फिरवायचा ते ती ठरवते. स्वस्त, छोटी आणि हव्या त्या वेगाने चालणारी. मात्र तिला एक नियंत्रक बोर्ड लागतो, आणि वीज चालू होताना ती कधी कधी दचकते. त्या दचक्यात सांधा हलला तर गाडी त्याच्यावर उभी नसलेली बरी.

स्प्रिंग असलेल्या सांध्याला सावकाश मोटर लावायची असेल तर ती स्प्रिंग काढून टाकणं चांगलं. नाहीतर मोटर हळूहळू ढकलत राहते, स्प्रिंग विरोध करत राहते आणि मध्य आला की जीभ फट्कन उडते. सावकाश हालचालीसाठी घेतलेली मोटर सावकाशपणाच गमावते. सोलेनॉइडला मात्र ती स्प्रिंग हवीच, काढू नये.

## सोलेनॉइडला सीडीयू का लागतो?

सोलेनॉइडची टिचकी मोठा करंट मागते, काही अँपिअर, पण क्षणभरच. गाडीला वीज देणाऱ्या साध्या कंट्रोलरला एवढा करंट एकदम देणं जमत नाही. शिवाय बटण अडकून दाबलेलं राहिलं तर तोच करंट वाहत राहतो आणि कॉइल काही सेकंदांत तापून जळते. या दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे, कपॅसिटरमध्ये वीज साठवून ती एकदम सोडणारं छोटं सर्किट. त्याला सीडीयू (कपॅसिटर डिस्चार्ज युनिट) म्हणतात.

संडासातली फ्लशची टाकी आठवा. नळाची धार बारीक असते, पण टाकी सावकाश भरून ठेवते आणि कळ दाबली की सगळं पाणी एकदम येतं. कळ दाबूनच ठेवली तरी पुन्हा बारीक धारच वाहते. सीडीयू हेच विजेबाबत करतो. १६ व्होल्ट एसी दिला तर आतले कपॅसिटर सुमारे २१ व्होल्टपर्यंत भरतात. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर त्यात सुमारे एक जूल ऊर्जा साठते. ती कॉइलमधून एका क्षणात जाते, टिचकी जोरदार बसते आणि बटण अडकलं तरी कॉइल वाचते. माझ्या मते सोलेनॉइड वापरणाऱ्याने पहिली मोटर घेतानाच सीडीयूही घ्यावा. बहुतेक ‘अशक्त’ मोटरी त्यानेच सुधारतात.

बटण मात्र दाबल्यापुरतंच जोडणारं हवं. दिव्यासारखा चालू-बंद स्विच लावला तर तो बंद करेपर्यंत टाकी पुन्हा भरतच नाही, आणि दुसऱ्या सांध्याचं बटण दाबल्यावर काहीच होत नाही.

## बसवताना: आधी बोट, मग मोटर

सांधा रुळाबरोबर चिकटवण्याआधीच त्याच्याखालच्या बोर्डला भोक पाडून घ्या. नंतर खालून पाडलेलं भोक जवळजवळ नेहमीच सरकतं, आणि वरून पाडताना ड्रिल टाय-बारला लागतं. सांधा जागेवर ठेवून टाय-बारची दोन्ही टोकं पेन्सिलीने खुणवा, सांधा बाजूला करा आणि मधोमध ८ ते १० मिलीमीटरचं भोक पाडा. पिनच्या जाडीएवढं भोक पाडायचा मोह होतो, पण पिनने भोकाच्या कडेला कधीच शिवता कामा नये. वरून भोक दिसू नये म्हणून त्यावर मध्ये चीर असलेला पातळ कागदी पुठ्ठा ठेवता येतो. त्याने खडीही खाली गळत नाही.

आता सांध्याची परीक्षा. मोटर नसताना टाय-बार बोटाच्या नखाने दोन्हीकडे हलवा. तो दोन्ही बाजूंना सारखाच हलका वाटला पाहिजे. कुठे अडलं तर कारण वरच असतं, आणि बऱ्याचदा ते असतं खडीचा डिंक. खडी टाकताना पातळ केलेला डिंक झिरपत जिभांखाली जातो आणि वाळतो. म्हणून टाय-बारच्या आसपास खडी अगदी विरळ टाकावी, आणि डिंक ओला असताना जिभा पुन्हा पुन्हा हलवत राहाव्यात. ही परीक्षा पास होईपर्यंत खाली मोटर लावण्यात अर्थ नाही.

मग मध्य जुळवणं. इथेच सगळ्यात जास्त मोटरी हरतात. सांध्यातली स्प्रिंग काढलेली असेल तर दोन्ही जिभांच्या बाहेर काडीपेटीच्या काडीचे पातळ तासलेले तुकडे सरकवून जिभा बरोबर मध्यावर उभ्या करा. स्प्रिंग असेल तर दोन्ही टोकांच्या खुणा करून मधला बिंदू काढा. मोटरची पिनही तिच्या प्रवासाच्या मध्यावर आणा. मध्याला मध्य जुळवून मोटर बसवली की दोन्ही बाजूंना सारखं अंतर मिळतं. नाहीतर एका बाजूला मोटरचा प्रवास संपतो तरी जीभ टेकलेली नसते, आणि दुसऱ्या बाजूला जीभ टेकूनही मोटर ढकलत राहते. ‘एका बाजूला चालते, दुसऱ्या बाजूला नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इतकंच असतं. फक्त सोलेनॉइडच्या बाबतीत एका कॉइलची वायर सुटली आहे का, तेही पाहून घ्यावं.

मोटर लगेच स्क्रूने आवळू नका. आधी दुहेरी चिकटपट्टीने लावा, पंचवीस-तीस वेळा चालवून पाहा, हवी तशी अर्धा मिलीमीटर इकडेतिकडे सरकवा. समाधान झालं की स्क्रू. आणि स्क्रूची लांबी बोर्डच्या जाडीपेक्षा कमी आहे ना, तेही पाहा. रुळांमधून वर आलेलं टोक फार वाईट दिसतं.

## पिन लांबवायची तर किती?

बोर्ड ९ किंवा १२ मिलीमीटर प्लायवुडचा, त्यावर कॉर्क किंवा फोमचा थर, त्यावर रूळ. एवढं सगळं ओलांडून पिन वर यायला हवी. मूळ पिन कमी पडते, तेव्हा ती वाढवावी लागते. काही मोटरी लांब पिनसह तयार मिळतात. पेकोच्या पीएल-१० चा पीएल-१०ई हा लांब पिनवाला भाऊ आहे.

घरी वाढवायची तर लांबी आणि जाडी यांचा हिशोब समजून घ्यावा लागतो. एका टोकाला पकडलेली तार दुसऱ्या टोकाला ढकलली की वाकते. लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराला ती आठपट वाकते, कारण वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. जाडीचा परिणाम याहूनही तीव्र आहे. ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. ०.६ मिलीमीटरऐवजी ०.८ मिलीमीटरची तार घेतली तर ती दिसायला तेवढीच वाटते, पण तिपटीहून जास्त ताठ असते.

मोटर खाली पुरेसं सरकते, पण वरचं टोक जाग्यावरच राहतं, याचं कारण हे. सगळा प्रवास तार वाकण्यातच खर्च होतो. सावकाश मोटरसोबत येणारी बारीक तार जाड बोर्डाला पुरत नाही, तेव्हा जाड तार घ्या, आणि ती स्प्रिंग स्टीलचीच घ्या. साधी लोखंडी किंवा तांब्याची तार एकदा वाकली की वाकलेलीच राहते.

सोलेनॉइडच्या मूळ पिनवर आतून नेमकी बसणारी पितळी नळी सरकवणं हा मला सगळ्यात भरवशाचा मार्ग वाटतो. नळी पिनच्या मुळापर्यंत जाऊ द्या, वरच्या टोकात बारीक तार बसवा, आणि फक्त टाय-बारच्या छिद्रात जाणारा भाग बारीक ठेवा. म्हणजे लांबीचा बहुतेक भाग जाड आणि ताठ, टोक तेवढं निमुळतं. सोल्डर करायचं असेल तर जोड वेगळा तयार करून मग बसवा. मोटरवर बसवलेल्या पिनला सोल्डरिंगची इस्त्री लावली की खालचं प्लास्टिक मऊ होतं आणि पिन कायमची तिरकी होते. टाय-बारच्या वर आलेली जास्तीची पिन शेवटी कापायची, नाहीतर इंजिनाचा खालचा भाग तिला अडकतो.

पण पिन लांबवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा. मोटरच वर नेता येईल का? बोर्डला खालून मोठं चौकोनी भोक पाडून त्यात मोटर चढवली, तर मूळ पिनच पुरते. काम थोडं जास्त आहे, पण वाकणारी तारच उरत नाही. जागा असेल तिथे मी हाच मार्ग घेतो.

## खाली नेमका आडवा वासा आला तर?

बोर्डच्या सांगाड्याचा वासा सांध्याच्या बरोबर खाली येतो, हे इतक्यांदा घडतं की सांगाडा बनवण्याआधी सांध्यांच्या जागा कागदावर खुणवून घेणंच उत्तम. तरीही वासा आडवा आलाच, तर मोटर बाजूला बसवून हालचाल आडवी न्यावी लागते. त्यासाठी बारीक नळीतून स्टीलची तार नेतात.

सायकलच्या ब्रेकची केबल याच तत्त्वावर चालते. पण तिथे केबल फक्त ओढायची असते. आपल्या तारेला ओढायचंही आहे आणि ढकलायचंही. ढकलताना तार नळीसकट फुगून बाजूला जाते आणि तेवढी हालचाल वाटेत हरवते. म्हणून नळी थोड्या थोड्या अंतरावर बोर्डला पक्की बांधली पाहिजे, वळणं मोठी आणि सावकाश हवीत, आणि तार नळीच्या दोन्ही टोकांबाहेर शक्य तितकी कमी उघडी राहायला हवी. मोटरचा प्रवास जास्त आणि सांध्याचा कमी असेल तर तारेला मध्ये घोड्याच्या नालासारखं वळण द्यावं. जास्तीचा प्रवास ते वळण पिऊन टाकतं, आणि जिभेवर दाबही राहतो.

## वायर लांबवली तर फरक पडतो का?

सावकाश मोटरला फारसा नाही. सोलेनॉइडला खूप पडतो, आणि हे बऱ्याच जणांना पटत नाही, कारण ‘वायर म्हणजे वायर’.

आकडे घेऊ. समजा कॉइलचा रोध ४ ओहम आहे. ०.२ मिलीमीटरच्या ७ तारांची बारीक वायर मीटरला साधारण ०.०९ ओहम रोध देते. मोटर ५ मीटर दूर असेल तर जाऊन येऊन १० मीटर, म्हणजे ०.९ ओहम. करंट १८ टक्क्यांनी घटला. सोलेनॉइडची ओढ ढोबळमानाने करंटच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे ओढ एक तृतीयांशाने कमी झाली. कंट्रोलजवळचा सांधा खाडकन बदलतो आणि टोकाचा तसाच सांधा तशाच मोटरने अर्ध्यात थांबतो, त्याचं हे कारण. ०.२ मिलीमीटरच्या १६ तारांची वायर वापरली तर त्याच अंतरात करंटची घट ९ टक्क्यांच्या आत राहते. निदान सगळ्या मोटरींची समाईक परतीची वायर तरी जाडच घ्यावी.

दोन समांतर रुळांना जोडणाऱ्या वाटेवर दोन सांधे एकत्रच बदलायला हवेत. तिथे दोन मोटरी एकाच बटणावर समांतर जोडतात. एकाच टाकीचं पाणी दोन नळांत वाटलं जाणार, म्हणून तिथे सीडीयू मोठा हवा आणि वायर जाड.

## मोटरचं दुसरं काम: फ्रॉगची वीज

जिथे दोन वाटांचे आतले रूळ एकमेकांना भेटतात त्या व्ही आकाराच्या टोकाला फ्रॉग म्हणतात. दोन रुळांच्या वीजपुरवठ्यात डावा रूळ एका ध्रुवाचा, उजवा दुसऱ्या. फ्रॉगची पंचाईत अशी की सरळ जाणाऱ्या गाडीसाठी तो एका बाजूचा रूळ असतो आणि वळणाऱ्या गाडीसाठी दुसऱ्या. फ्रॉग प्लास्टिकचा असेल तर प्रश्न येत नाही, पण आखूड इंजिन हळू चालताना त्यावर विझतं. धातूचा असेल तर सांधा बदलताना त्याचा ध्रुवही बदलला पाहिजे.

‘जीभ रुळाला टेकते, तिच्यातून वीज मिळतेच की’ असं म्हणता येईल. नवा सांधा असेपर्यंत मिळते. मग टेकण्याच्या जागी धूळ, तेल, रंग बसतो आणि इंजिन फ्रॉगवर अडखळू लागतं. त्यापेक्षा मोटरमधला बदलता स्विच वापरावा. टॉर्टॉइसमध्ये असे दोन असतात, एक फ्रॉगला देता येतो आणि दुसरा सिग्नलच्या दिव्याला. सावकाश मोटरबाबत मात्र एक काळजी घ्यायची. जिभा आणि फ्रॉग आतून विजेने जोडलेले असतील, तर स्विच आणि जीभ वेगवेगळ्या क्षणी बदलतात आणि मधल्या काळात शॉर्ट होतो. तो जोड तोडून प्रत्येक जीभ तिच्या शेजारच्या बाहेरच्या रुळाला जोडली की हा त्रास संपतो.

डीसीसी, म्हणजे गाड्यांचं डिजिटल नियंत्रण, वापरणाऱ्यांसाठी यातून पुढचा मुद्दा येतो. डीसीसीत रुळांतून सतत वीज आणि आज्ञा दोन्ही वाहतात. इंजिन चुकीच्या बाजूला असलेल्या सांध्यात शिरलं की फ्रॉगवर शॉर्ट होतो आणि सगळी वीज जाते. सांधा बदलला की शॉर्ट सुटेल. पण आज्ञा वाचून सांधा हलवणारा डिकोडरही त्याच रुळांवर जगत असेल, तर सांधा बदलायला वीजच नाही. म्हणून सांध्यांच्या डिकोडरना पुरवठा वेगळा द्यावा, ज्याला रुळावरच्या शॉर्टची झळ लागणार नाही.

## लेआउट वाढवताना

लेआउटला, म्हणजे रुळांच्या सगळ्या मांडणीला, नंतर जोडायच्या तुकड्यासाठी आजच थोडी तजवीज करता येते. नळीतली तार किंवा लांब पिन दोन बोर्डांच्या सांधणीवरून कधीच नेऊ नये, कारण बोर्ड पुन्हा जोडताना मिलीमीटरभर तरी सरकतातच. त्या सांधणीवरून फक्त वीज न्यावी, प्लग आणि सॉकेटने. २५ पिनांचा डी आकाराचा कनेक्टर यासाठी सोयीचा आहे. सोलेनॉइडला दोन बाजूंच्या दोन वायरी आणि एक समाईक परत लागते. म्हणजे १० मोटरींना २० पिना गेल्या आणि परतीच्या वायरीसाठी ५ उरल्या. या पाचही पिना एकत्र जोडा, कारण प्रत्येक मोटरचा करंट त्याच वाटेने परत येतो. कोणती पिन कोणत्या सांध्याची, ते बोर्डच्या खालच्या बाजूला कनेक्टरशेजारीच लिहून ठेवा. वही हरवते.